धाकट्या सुनेची मोठी गाडी

उज्जैनमध्ये कोणाची गाडी किती मोठी असावी, हे त्याच्या घरात माणसं किती आहेत यावर कधीच ठरत नाही. टॉवर चौकाजवळचे एक वकीलसाहेब घ्या. माणूस एकटा, बायको माहेरी गेली ती गेलीच, आणि गाडी अशी की अख्खी वरात बसावी. कशाला? तर श्रावणी सोमवारी रस्ते बंद झाले की शिपाई लहान गाडीला काठी दाखवतो आणि मोठ्या पांढऱ्या गाडीला सलाम ठोकतो. आत कोण आहे ते बघायला वाकावं लागतं, आणि सोमवारच्या गर्दीत वाकतंय कोण! एका मिठाईवाल्या शेटजींनी मुलाच्या लग्नाआधी सहा महिने गाडी घेतली आणि सून घरात आल्यावर दोन महिन्यांनी विकली. एका प्राध्यापकांची तर घरापासून पानाच्या ठेल्यापर्यंतच जाते. पायी गेले तर लवकर पोचतील, पण मग बघणार कोण?

तर अशा या गावात, फ्रीगंजमध्ये टॉवरच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या नंदाबाई आष्टेकरांनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी काळी कुळकुळीत, सात सीटांची, उंच छातीची गाडी घेतली तेव्हा गल्लीची दुपारची झोप उडाली. नंदाबाई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. उंची चार फूट दहा इंच, तीही अंबाडा धरून. घरात माणसं दोन. नवरा सुधाकरराव, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून सुटलेले. मुलगा बंगळुरूला, त्याला गाडीतून ऑफिसला जायला जितका वेळ लागतो तितक्यात तो उज्जैनला येऊन जाईल, पण येत नाही.

गल्लीने अंदाज बांधले. कोणी म्हणालं, मुलाचं लग्न ठरलंय आणि लपवून राहिलेत. कोणी म्हणालं, ओंकारेश्वरच्या फेऱ्या मारणार, रिटायर माणसाला काहीतरी धंदा हवाच. समोरच्या ओट्यावर बसणाऱ्या मंडळींनी तर छातीठोक सांगितलं, की हे सगळं ऋषीनगरात राहणाऱ्या थोरल्या जावेच्या नाकावर टिच्चून चाललंय. हा शेवटचा अंदाज पंचवीस टक्के बरोबर होता. म्हणजे नंदाबाईंच्या हिशेबात नापासच.

सुधाकररावांनी कपाळाला हात लावला. "अगं, आपण दोघं जण. भाजी आणायला रणगाडा कशाला?"

"आपल्या देवीला साडी अकरा वार लागते," नंदाबाई म्हणाल्या. "तिला कोणी विचारतं का, एवढी कशाला म्हणून?"

सुधाकररावांनी पेपर उघडला. देवीचा विषय निघाला की ते पेपरच्या आड जात. कारण खरी मेख तिथेच होती.

आष्टेकरांची कुलदेवता वणीच्या गडावरची सप्तशृंगी. पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात लिहायला म्हणून आले आणि माळव्यात रुजले, पण देवी तिकडेच राहिली. उज्जैनपासून चारशे किलोमीटर. घरात सून आली की नव्या जोडप्याने गडावर जायचं, सुनेने स्वतःच्या हाताने देवीची ओटी भरायची, मग ती खरी आष्टेकर. थोरल्या विजयावहिनींची भरून झाली होती. छत्तीस वर्षांपूर्वी नंदाबाईंचं लग्न झालं, जीप ठरली, आणि निघायच्या सकाळी कळलं की जागा पुरत नाही.

आता इथे आष्टेकरांच्या घरातला एक रिवाज सांगायला हवा. गाडीत बसायचा त्यांच्याकडे क्रम आहे. थोरले बंधू विनायकदादा पुढे, ड्रायव्हरशेजारी. वहिनी खिडकीपाशी, कारण वारा लागला नाही तर त्यांना मळमळतं. मग पाहुणे, कारण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं. मग मुलं. मग सामान. आणि त्यातून जागा उरलीच, तर धाकटी सून. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, म्हणूनच तो कोणी मोडत नाही.

पहिल्या वेळी जागा गेली ती विनायकदादांच्या साहेबांना. साहेबांना नेमकं नाशकाला जायचं होतं. नवी नवरी दारात उभी राहिली, नवरदेव जीपमध्ये बसले, कारण मुलाने तर जायलाच हवं. वहिनींनी खिडकीतून हात बाहेर काढला. "नंदा, आण तुझी ओटी. तुझ्या नावाने मी भरते. देवीला काय, तिला सगळं कळतं."

देवीला कळलं असेल. पण पुढच्या छत्तीस वर्षांत आष्टेकर मंडळी आठ वेळा गडावर गेली आणि आठही वेळा धाकट्या सुनेची ओटी वहिनींच्या हातून गेली. एकदा नंदाबाईंना दिवस गेले होते. एकदा मामंजींचा हार्मोनियम बरोबर हवा होता, त्याला मांडीवर घेऊन चालेना. एकदा दहावीचे पेपर तपासायचे होते, ते आयतंच झालं. मधल्या एका वर्षी तर गंमतच झाली. नंदाबाईंनी मुद्दाम महेश्वरहून जांभळ्या काठांचा हिरवा खण आणवून ओटीत दिला, आणि त्याच दिवाळीला वहिनींच्या अंगात जांभळ्या काठांचं हिरवं पोलकं! "अगं, देवीपुढचा प्रसाद म्हणून परत मिळाला," वहिनी म्हणाल्या. मिळतो, खोटं नाही. पण मापाचा शिवून मिळतो का, हे गल्लीतल्या बायका अजून एकमेकींना विचारतात.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर बाईंनी एकदा बसमध्ये बसून जायचं होतं. बसमध्ये बसलं की सुधाकररावांना इंदूरच्या आधीच उलट्या होतात. आणि एकटीने जायचं म्हटलं तर वहिनी म्हणायच्या, "कुळाचार कुळासकट होतो गं. एकटी गेलीस तर ती सहल." वर्गात चाळीस पोरांना एका नजरेत गार करणारी ही बाई घरी आली की "बरं" म्हणायची. शाळेत वाघीण आणि घरी शेवटच्या बाकावरची मुलगी.

म्हणून निवृत्त झाल्यावर नंदाबाईंनी गणित मांडलं. आपण दोघं, दादा-वहिनी, त्यांचा मुलगा आल्हाद, सून पल्लवी. झाले सहा. ड्रायव्हर सातवा. सात सीटा. उत्तर बरोबर. आता कोणाच्या तोंडून 'जागा नाही' निघणार नाही. भैरवगढ़ला जाऊन त्यांनी छाप्याचं कापड आणलं, लाल जमिनीवर काळी बुट्टी, आणि सातही सीटांना खोळी शिवल्या. स्वतःची सीटसुद्धा ठरवून टाकली. मधल्या रांगेत, डावीकडची.

त्या सीटवर त्या एकदाही बसल्या नाहीत.

गाडी आली त्याच महिन्यात इंदूरला नात्यात बारसं होतं. आल्हाद चालवणार. आल्हाद तसा चांगला मुलगा, गाडी चालवताना फक्त आरशात स्वतःला बघतो. सकाळी ऋषीनगरातून वहिनींचा फोन. पल्लवीची आई येते आहे, आणि शेजारच्या दोघी इंदूरला खरेदीला निघाल्याच आहेत, एवढी मोठी गाडी रिकामी कशाला न्यायची? बारा वाजता बारसं होतं. दहा वाजता नंदाबाई गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या, हातात पाळण्याला बांधायची खेळणी, आणि त्यांच्या गाडीच्या काचेतून आठ चेहरे, सुधाकररावांचासुद्धा, त्यांच्याकडे बघत होते.

"नंदा, तू असं कर," विनायकदादा पुढच्या सीटवरून म्हणाले, "खेळणी दे इकडे. आम्ही बांधतो."

गाडी गेली. टॉवर चौकापर्यंत आल्हादने तीनदा हॉर्न मारला. नंदाबाई घरी आल्या, चहा टाकला, आणि चहा उकळून पार काळा होईपर्यंत स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं की उत्तर चुकलं तर आकडेमोड नाही, मांडणी तपासा. त्यांनी मांडणी तपासली. पाच सीटांची गाडी असो की सातची, माणसं वाढतात. उद्या बस घेतली तरी वहिनी भजनी मंडळ घेऊन येतील. म्हणजे सीटा वाढवून उपयोग नाही. गाडीत एकच सीट अशी, जी रिकामी ठेवून गाडी हलत नाही आणि जिच्यावर बसलेल्याला कोणी 'सरक जरा' म्हणत नाही.

"अरे देवा," नंदाबाई चहाच्या पातेल्याला म्हणाल्या, "मी चुकीची सीट धरून बसले होते."

आता गाडी गल्लीत मावत नाही असं सगळ्यांनीच ठरवलं होतं. आल्हादने दोनदा प्रयत्न करून दूधवाल्याच्या सायकलचं चाक वाकवल्यावर तर ते पक्कंच झालं. म्हणून गाडी नानाखेड्याला मृणालच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उभी असे. मृणाल म्हणजे नंदाबाईंची जुनी विद्यार्थिनी. नववीत गणितात शंभरपैकी अकरा. आता दोन लेकरांची आई आणि विम्याच्या कामासाठी आगरपासून शाजापूरपर्यंत गाडी हाकत फिरणारी बाई.

नंदाबाई तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "मृणाल, मला गाडी शिकव. आणि कोणाला सांगायचं नाही."

मृणालने आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं, मग विचारलं, "बाई, ही? ही गाडी? आधी लहान गाडीवर हात बसवू ना."

"मला लहान गाडीतून कुठेच जायचं नाहीये."

झालं. रोज पहाटे साडेपाचला नंदाबाई "योगाला जाते" सांगून घरातून निघत. नानाखेड्यापर्यंत ऑटो, आणि पुढे रिकाम्या रस्त्यावर ती म्हशीसारखी काळी गाडी. पहिल्या दिवशी गाडी सात वेळा बंद पडली आणि आठव्यांदा चालू झाली ती थेट मृणालच्या तुळशीकडे.

"क्लच! बाई, क्लच! पाय कुठे बघून राहिलाय तुमचा?"

"ओरडू नकोस."

"तुम्ही नव्हता ओरडत? फळ्यापाशी उभी करून? 'पाटणकर, डोकं घरी ठेवून आलीस का!' मी अजून झोपेत ऐकते ते!"

नंदाबाई थांबल्या. इंजिनही थांबलं. "खरंच असं म्हणायचे मी?"

"रोज."

"मग बरोबर आहे," नंदाबाई म्हणाल्या. "ओरड."

दोन महिने मृणालने वीस वर्षांचं व्याज वसूल केलं. पण एक गोष्ट मानायला हवी. बाईंना गाडी येत नव्हती, भूमिती येत होती. चाक किती वळवलं की मागचा कोपरा कुठे जातो, हे त्यांनी वहीत काढलं. खडूने प्लॉटवर रेघा मारल्या. एका दुपारी सुधाकरराव झोपलेले असताना त्यांनी आपली गल्ली टेपने मोजली. अडीच मीटर. गाडी एक मीटर नव्वद. आरसे मिटले की दोन्ही बाजूंना फूट-फूट जागा. म्हणजे गल्ली कधीच अरुंद नव्हती, चालवणाऱ्याचं लक्ष आरशातल्या स्वतःच्या केसांवर होतं.

लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं. फक्त देवास रोडवर एका पहाटे शिपायाने शिट्टी फुंकत गाडी अडवली. तो साथीदाराला ओरडून सांगत होता, "अबे देख, इसमें ड्राइवर ही नहीं है!" नंदाबाईंनी खिडकीतून आधी हात बाहेर काढला, मग लायसन्स, मग चष्मा. शिपायाने तिन्ही गोष्टी पाहिल्या आणि हात जोडले. "माताजी, गद्दी लगा के बैठा करो. हमारा तो कलेजा बैठ गया." दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या खाली दिवाणावरचा लोड आला.

इकडे सुधाकरराव वेगळ्याच चिंतेत. "नंदा, गाडी उभी आहे ना नुसती? मग डिझेल कुठे जातं? मृणालचा नवरा मला पहिल्यापासून ठीक वाटत नाही हं. बोलतो फार गोड." त्यांनी एकदा पार्सल ऑफिसच्या सवयीने टाकीच्या झाकणाला सुतळी बांधून गाठीवर लाख लावून सील केलं. नंदाबाईंनी दुसऱ्या दिवशी तशीच सुतळी, तशीच गाठ आणि तशीच लाख लावून ठेवली. बिचाऱ्या मृणालच्या नवऱ्याला आजपर्यंत कळलेलं नाही की सुधाकरराव त्या दोन महिन्यांत त्याच्याशी एवढं तुटक का वागले.

मार्गशीर्षात गडावर जायचं ठरलं. ठरवलं अर्थात ऋषीनगरात. आदल्या संध्याकाळी वहिनी आल्या त्या कागद घेऊनच. वहिनी म्हणजे घारे डोळे, ठसठशीत कुंकू, आणि कुठल्याही घरात पहिल्यांदा डबे उघडून बघायची सवय.

"हे बघ नंदा. हे पुढे. मी आणि विहीणबाई मध्ये, बरोबर पल्लवी. मागे आल्हाद आणि सुधाकरभावजी. ड्रायव्हर आल्हादच्या ओळखीचा आहे, घाटाची सवय असलेला. म्हणजे झाले सात."

सुधाकरराव पेपरच्या आडून हळूच म्हणाले, "वहिनी, पल्लवीच्या आईंची देवी वेगळी ना? कोल्हापूरची?"

"मग? विहीणबाईंना नाही म्हणू? उद्या पल्लवीला काय वाटेल!" वहिनींनी डब्यातली शेव तोंडात टाकली. "आणि नंदा काही परकी आहे का, रुसायला? तिला सवय आहे. नंदा, तुझी ओटी काढून ठेव. साडी घेतलीस का या वेळी?"

"घेतली," नंदाबाई म्हणाल्या. "अकरा वार."

"छान. मी नेसवायला देते तुझ्या नावाने."

"बरं, वहिनी."

सुधाकररावांनी पेपर खाली केला. छत्तीस वर्षं त्यांनी हे 'बरं' ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यांना जेवण कमी गेलं होतं. आज त्यांना त्या 'बरं'मध्ये काहीतरी वेगळं ऐकू आलं, पण काय ते कळेना. वहिनी गेल्यावर ते म्हणाले, "नंदा, मी राहतो घरी. माझ्या जागी तू जा."

हे वाक्य नंदाबाईंना पहिल्या वर्षी हवं होतं. पण आलं, हेही कमी नाही. "नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही या. ओटी भरताना नवरा जवळ हवा." आणि दिवा मालवून झोपल्या. सुधाकरराव या वाक्याचा अर्थ लावत पडून राहिले.

सकाळी सहाला मंडळी गल्लीत जमली. विनायकदादा माकडटोपी घालून, वहिनी शाल, थर्मास आणि पूजेची पिशवी घेऊन, आल्हाद-पल्लवी, आणि भरजरी विहीणबाई, ज्यांना आपण कोणाची जागा खाल्ली आहे याचा बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता. ओट्यांवर प्रेक्षक होतेच. ते काय, फ्रीगंजमध्ये सकाळी सहालाही असतात. नंदाबाई मात्र घरात नव्हत्या.

"योगाला गेली," सुधाकरराव म्हणाले.

"आज?" वहिनी म्हणाल्या. "बघ, रुसली. आणि ओटी कुठे ठेवलीन?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी इंजिन गुरगुरलं. आल्हाद धावला. "ए भैया, अंदर मत लाना! नहीं आएगी, अटक जाएगी! हम सामान वहीं ला रहे हैं!"

गाडीने ऐकलं नाही. आरसे कान मिटावेत तसे मिटले. मागचे लाल दिवे लागले, आणि ती काळी म्हैस उलटी, मागच्या पायांनी गल्लीत शिरली. दूधवाल्याने सायकल पोटाशी धरली. कोणाच्या तरी ओट्यावरची कुंडी थरथरली, पण पडली नाही. डावीकडे फूट, उजवीकडे फूट. ना हिसका, ना हॉर्न. गाडी सरळ रेघेत मागे येत राहिली, गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत शिरली आणि तिची डिकी आष्टेकरांच्या पायरीपासून बरोबर दोन हातांवर थांबली. ओट्यावरच्या एका म्हाताऱ्याने टाळीच वाजवली.

"मानलं," आल्हाद म्हणाला. "घाटाची सवय म्हणजे काय ते बघा."

गाडीचा पुढचा मागचा सगळा अंदाज घेत मंडळी ड्रायव्हरच्या दाराशी गेली. दार उघडलं. आधी एक स्टूल खाली आलं. मग स्टुलावर एक पाय आला, पांढरा बूट घातलेला, वर नऊवारीचा काठ. आणि मग नंदाबाई आष्टेकर खाली उतरल्या, नाकात नथ, केसांत गजरा, हातात किल्ली.

ओट्यावरच्या म्हाताऱ्याने पुन्हा टाळी वाजवली.

पलीकडच्या दारातून आल्हादच्या ओळखीचा ड्रायव्हर उतरला. "भैया, मैं तो बगल में बैठ के आया," तो म्हणाला. "आंटीजी ने मुझे पोहा भी खिलाया, दिन के पैसे भी दे दिए. इतनी रिवर्स तो मैं भी नहीं ले सकता. मेरी क्या ज़रूरत है?" आणि तो हात हलवत टॉवरच्या दिशेने चालूही लागला.

"नंदा!" विनायकदादांची माकडटोपी वर सरकली. "हा काय पोरखेळ आहे?"

"पोरखेळ नाही, दादा. बेरीज आहे. ड्रायव्हर गेला, मी आले. सातचे सातच. विहीणबाई, या, तुम्ही आधी बसा."

"मी नाही बसणार!" वहिनींनी थर्मास छातीशी धरला. "घाट आहे, ट्रक आहेत. हिच्या हातून मरायला मी काय देवीला चाललेय? सुधाकरभावजी, सांगा हिला काहीतरी!"

सगळ्यांनी सुधाकररावांकडे पाहिलं. सुधाकरराव कधीचे डिकीमध्ये सामान लावत होते. ते तिथूनच म्हणाले, "मी पिशव्या चढवून राहिलोय. मला काही ऐकू येत नाही." आणि जरा थांबून स्वतःशीच हसले. "योगा म्हणे!"

नंदाबाई वहिनींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. उलट दोन्ही हात पुढे केले, ओंजळ करून.

"हरकत नाही, वहिनी. भीती वाटत असेल तर तुम्ही घरी थांबा. तुमची ओटी द्या इकडे. तुमच्या नावाने मी भरते. देवीला काय, तिला सगळं कळतं."

ओट्यावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. त्यातल्या एकीला ठसकाच लागला. वहिनींचे घारे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक झाले, आणि मग त्यांत असं काही आलं की छत्तीस वर्षांचा हिशेब त्यांनी स्वतःच करून टाकला असावा. त्यांनी पूजेची पिशवी घट्ट काखोटीला मारली.

"स्टूल कुठाय?" वहिनी म्हणाल्या. "एवढ्या उंच गाडीत माणसाने चढायचं कसं?"

"हे घ्या. आणि मध्ये नाही, पुढे बसा. माझ्या शेजारी. तुम्हाला वारा लागतो."

विनायकदादा जन्मात पहिल्यांदा मागे बसले. मधल्या रांगेत, डावीकडे, भैरवगढ़ी बुट्टीवर. त्यांना म्हणे सीट फार आवडली, पण हे त्यांनी खूप नंतर कबूल केलं.

इंदूर बायपासपर्यंत वहिनींनी डोळे मिटून जप केला. धामनोदला एक डोळा उघडला. नर्मदा ओलांडताना दोन्ही उघडून हात जोडले आणि मग मिटायचे राहूनच गेले. सेंधव्यापुढे बिजासनचा घाट लागला. ट्रकांची रांग, एकाच्या शेपटीला दुसरा. नंदाबाई लोडावर ताठ बसून, दुसऱ्या गिअरमध्ये, फळ्यावर रेघ ओढावी तशा उतरत होत्या. मागून एका ट्रकवाल्याने कर्कश हॉर्न लावून धरला. नंदाबाईंनी लक्षही दिलं नाही. पण काच खाली गेली, ती वहिनींच्या बाजूची, आणि शाल गुंडाळलेलं अर्धं शरीर खिडकीबाहेर आलं.

"क्या है रे? घर में माँ-बहन नहीं है? दिखता नहीं, हमारी देवरानी चला रही है!"

ट्रकवाला घाबरून मागे राहिला. वहिनी आत आल्या, पदर सारखा केला. "ढकलून देतात मेले," त्या म्हणाल्या. "तू चाल नंदा. तुझ्या हिशेबाने चाल." आणि थर्मासमधला पहिला चहा त्यांनी नंदाबाईंना ओतून दिला. आष्टेकरांच्या घरात पहिला चहा धाकट्या सुनेला मिळाल्याची ही पहिली नोंद.

नांदुरीपासून गडाचा शेवटचा घाट चढून गाडी वर लागली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मंगळवारची गर्दी होती. रांगेत नंदाबाईंच्या मागे सुधाकरराव, त्यांच्यामागे वहिनी. हातातल्या तबकात अकरा वार साडी, तीन खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. वर कड्यात कोरलेली, शेंदूर ल्यालेली ती उंचच उंच देवी, मान जराशी कलती, अठरा हात, मोठाले डोळे. नंदाबाईंनी तिला आजवर फोटोतच पाहिलं होतं, आणि फोटोत ती एवढी मोठी दिसत नाही.

गुरुजींनी विचारलं, "नाव?"

सुधाकररावांनी सवयीने तोंड उघडलं. पण उत्तर पुढून आलं, वर्गात हजेरी घेतात त्या आवाजात.

"नंदा सुधाकर आष्टेकर. उज्जैन. स्वतः आलेय."

तबक त्यांच्या हातून गुरुजींच्या हातात गेलं, गुरुजींच्या हातून देवीच्या पायाशी. अक्षता वाहिल्या गेल्या. मग नंदाबाई हलल्याच नाहीत. वर मान करून उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"आजी, चला पुढं," सेवेकरी म्हणाला. "मागं लाइन थांबलीय. चला, चला."

नंदाबाई जागच्या हलल्या नाहीत. मागून लोक रेटू लागले. तेव्हा वहिनींनी शाल कमरेला खोचली, रांगेकडे तोंड केलं, दोन्ही हात आडवे पसरले आणि पाय रोवून उभ्या राहिल्या.

"थांबा सगळे," त्या म्हणाल्या. "आमच्या धाकटीचं दर्शन व्हायचंय."